पाच जूनचं लग्न, सहा मेचं कार्यालय

आर्वीतल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था मी पाहते. एप्रिल सरत आला होता तेव्हा आंजी गावच्या एका वधूपित्याला फोन केला. म्हटलं, "भाऊ, मांडववाल्याले कधी बोलवू? सहा मे आता आलीच."

ते म्हणाले, "मॅडम, लग्न पाच जूनले आहे. पत्रिका वाटून राह्यलो आम्ही."

मी समोरच्या संगणकावर पाहिलं. त्यांच्या बुकिंगपुढे ०६/०५ होतं, म्हणजे सहा मे. आणि पाच जूनला कार्यालय दुसऱ्यांना गेलं होतं. ते दुसरे म्हणजे माझ्या आतेभावाच्या सासरची मंडळी. फोन ठेवताना मनात आलं ते त्या मुलीच्या लग्नाचं नाही. काकाजींना हे कसं दिसेल, ते आलं.

काकाजी म्हणजे आमचे मालक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "पाच जूनले कोण आहे?"

मी सांगितलं.

"तुमच्या नात्यातले ना, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाचा पासवर्ड बदललेला होता. "काऊन बदलला?" असं विचारायचं धाडस मला झालं नाही.

संशय माझ्याही मनात होताच. बुकिंगची वेबसाईट काकाजींच्या पुतण्याने पुण्यात बसून बनवली होती. तिथून तो केव्हाही आत शिरू शकतो. माझ्या जागी आपल्या ओळखीचं कोणी आणावं असं तो एकदा बोललाही होता. तारीख त्यानेच फिरवली असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. पुरावा काही नव्हता, पण त्या दिवसांत मला पुराव्याची गरजही वाटत नव्हती.

दोन दिवसांनी आंजीची मंडळी आली. वडील, नवरी आणि नागपूरला कंपनीत असलेला तिचा भाऊ. बुकिंग त्यानेच केलं होतं. त्याने लॅपटॉप टेबलावर उघडला आणि त्या वेळी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट दाखवला. त्यात स्वच्छ ०५/०६ होतं.

"हे पाहा. माह्याकडं पाच-सहा, तुमच्याकडं सहा-पाच. तारीख पलटवली कोणी? कोणाची सोय केली मॅडम?"

"हळू बोल रे," वडील म्हणाले. पण नजर त्यांचीही माझ्यावरच होती. काकाजी तर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी माझ्या बाजूने एक शब्द बोलावा अशी माझी अपेक्षा होती. तो आला नाही. दोन्ही संगणकांचे पडदे शेजारी शेजारी होते, आकडे तेच, फक्त उलटे. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की हे कोणीतरी मुद्दाम केलेलं आहे.

शेवटी काकाजी म्हणाले, "कसं केलं होतं ते करून दाखव. पण दुसरी तारीख टाकजो. पंचवीस जून टाक."

त्याने २५/०६ टाकलं. चौकट लाल झाली. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल.

"आता साईटच बंद केली काय?" तो उसळला.

नवरी वाकून पडद्याकडे पाहत म्हणाली, "दादा, हे पंचवीसले महिना समजून राह्यलं."

लॅपटॉप कंपनीचा, अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेला. तिथे आधी महिना, मग दिवस. त्याने पाच जून म्हणून टाकलेली तारीख वेबसाईटने सहा मे म्हणून घेतली होती. त्याला त्याच्या पद्धतीने दाखवली, आम्हाला आमच्या. पाच हा आकडा महिन्याचाही असू शकतो आणि सहाही, म्हणून कोणालाच खटकलं नाही.

भावाचा चेहरा उतरला. माफी त्याने मागितली नाही. लॅपटॉप मिटून म्हणाला, "पण लग्न कुठं करायचं?"

माझ्या नातेवाइकांचा मुहूर्त गोरज होता, आंजीवाल्यांचा सकाळचा. मी आतेभावाच्या सासऱ्यांकडे गेले. दुपारपर्यंत कार्यालय दुसऱ्यांना द्या, चारच्या आत धुऊन-पुसून तुमच्या ताब्यात देते, असं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "त्यांच्यासाठी एवढी धावपळ काऊन करून राह्यली तू? काय मिळालं तुले?" हो म्हणायला त्यांनी आठवडा घेतला. पाच जूनला दोन्ही लग्नं लागली. मधल्या वेळात फुलांवरून दोन्हीकडच्या बायकांचं थोडं वाजलं, तेवढंच.

त्यानंतर पुतण्याशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, साल आधी, मग महिना, मग दिवस असं लिहू, कोणत्याही संगणकाचा गोंधळ होणार नाही. मी म्हटलं, संगणकाच्या पोटात ते राहू दे, माणसांना महिना अक्षरांत दाखव आणि वारही लिही. दिवस, महिना, साल निवडायला तीन वेगळे रकाने दे. आता तिथे '५ जून, गुरुवार' असं येतं, पुढे सालासकट. वेळेचंही तसंच. नुसतं बारा लिहिलेलं चालत नाही, 'दुपारी बारा' लिहावं लागतं. पुतण्याने दोन दिवसांत सगळं बदलून दिलं. मी त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं हे त्याला माहीत नाही, आणि मी सांगितलंही नाही.

नवा पासवर्ड काकाजींनी एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला. वाटलं, झालं, संपलं. पण दिवाळीनंतर एका वरपित्याने सहज विचारलं, "बुकिंग पक्कं करायले तुमचे दोघांचेही फोन काऊन येतात? काल तुमचा आला, आज मालकांचा."

मी म्हटलं, "आमची तशी पद्धतच आहे."

काकाजींना मी काही विचारलं नाही. ते बाजूच्याच खोलीत होते, दार उघडं होतं.