मौद्याजवळ तीन दिवस नुसतं पडून राहायला गेले

जांभई आली. तीही समोर बाई रडत असताना! मी समुपदेशक. नंदनवन नावाच्या आमच्या वस्तीत माझं छोटं क्लिनिक आहे, तेव्हा रोज आठ जणांचं ऐकायची. सुषमाताई (नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय) नवरा गेला त्या रात्रीचं सांगत होत्या. माझी जांभई पाहून त्या मधेच थांबल्या, पर्स उचलली आणि गेल्या. लाजेनं मेले. त्याच दिवशी ठरवलं, सोमवारी त्या आल्या तर मी नीट ऐकणार, नाहीतर दाराबाहेरची पाटी काढून टाकणार.

शुक्रवारी सकाळी बॅग भरली. दुसऱ्यांना बरं करणाऱ्यांसाठी विश्रांतीच्या योगाचं शिबिर होतं, मौद्याच्या पुढे एका शेतातल्या घरात. भंडारा रोडने एसटीने तासाभरात मौदा, तिथून ऑटो. ऑटोवाल्यानं शंभर सांगितले, ऐंशीला तयार झाला.

"योगा कराले जाऊन राहिल्या का मॅडम?"

"नाही गा, पडून राहाले."

"मंग घरीच पडाचं नं!"

बरोबरच होतं त्याचं. पण घरी पडू देतं कोण?

या योगात कसरत नाही. पाठीखाली, गुडघ्यांखाली लोड, अंगावर ब्लँकेट, डोळ्यांवर कापडाची घडी, आणि वीस मिनिटं तसंच पडायचं. सोपं ना? डोंबल! तीन मिनिटांत शेजारच्या नर्सबाईंचा लोड सरकल्याचं ऐकू आलं आणि मी उठलेच. पाहते तर पलीकडची फिजिओथेरपिस्टही तिसरीचा खांदा सरळ करत होती.

"काहून उठली वं?" शिकवणाऱ्या शकुताई ओरडल्या. त्या स्वतः निवृत्त नर्स, साठी ओलांडलेल्या.

"त्यांचा लोड सरकला होता."

"सरकू दे. तिले हात हायेत." मग सगळ्यांनाच दम भरला, "आता कोणी कोणाले 'कसं वाटते' विचाराचं नाही. जे विचारन, ते साऱ्यांचे ब्लँकेट घडी करन."

शनिवारी दुपारी जेवताना, ज्वारीची भाकरी आणि ओल्या तुरीची सोलेभाजी खाताना, माझ्या तोंडून ते निघालंच. अठरा ब्लँकेटं घडी केली.

रविवारी मात्र हट्टानं पडून राहिले. दहाएक मिनिटांनी रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. कोणी पाणी आणलं नाही, कोणी पाठीवर हात ठेवला नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी थकलेय, हे कबूल करायलाच इतकी वर्षं लागली. मग गाढ झोपले.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, जाड मोजे न्या. तीन दिवसांचे तीन हजार, जेवणासकट.

घरी आल्या आल्या वेळापत्रक बदललं. आता दिवसाला पाचच जण, आणि दुपारी आतल्या खोलीत वीस मिनिटं आडवं पडायचं. कोणी नाराज झालं तर होवो.

सोमवारी सुषमाताई आल्या. मी आधीच बोलले, "मागच्या वेळी मी ऐकत नव्हते. चूक माझी होती."

"मले वाटलं, माह्यंच रडगाणं लंबं झालं," त्या म्हणाल्या. "येतच नव्हती आज. पोरीनं ढकलत आणलं." मग पर्स बाजूला ठेवत विचारलं, "कुठलोक सांगितलं होतं मी?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हणाले.