गोधडीवरचं जग

दोन महायुद्धं आणि त्यांच्यामागून आलेलं शीतयुद्ध आमच्या मामांनी रत्नागिरी जिल्ह्याबाहेर फारसं पाऊल न टाकता जितकी जवळून पाहिली, तितकी ती लढणाऱ्यांनीही पाहिली नसतील. रत्नागिरीपासून एसटीनं पाऊण तासावरच्या आमच्या गावात ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे. शाळा सुटली तरी त्यांचा इतिहास सुटत नसे. लावणीच्या दिवसांत बांधावरून दोन भाऊ भांडायला लागले, की मामा धोतर सावरत चिखलात उभे राहायचे आणि सांगायचे, "पहिलं महायुद्ध एका गोळीवरून पेटलं असं पुस्तकात लिहितात. गोळी निमित्त रे. बांध आधीच कोरत आणलेला असतो." मग ते युरोपातला एकेक बांध सांगायला घेत. अर्ध्या तासानं दोघे भाऊ भांडण विसरून, एकमेकांना खुणावत, दोन वाटांनी पसार झालेले असत. मामा याला यशस्वी मध्यस्थी म्हणत.

मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले, तर लिलाव संपेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. भाव मागणीवर सोडावा की सरकारनं ठरवावा, या वादात अर्धं जग कसं विभागलं गेलं, हे त्यांनी एकदा एका मासेवालीला सविस्तर सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमचं ठरेस्तोवर बांगडा नरम पडंल. घेताव का?" त्यांनी घेतला, आणि तोवर तो नरम पडला होता. घरी ताटावर बसल्यावर मामा म्हणाले, "समाजवादाचं सूत्र साधं आहे. ज्याला जमेल तेवढं त्यानं करावं, ज्याला लागेल तेवढं त्यानं घ्यावं." मामी तव्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "जमणारी मी एकटी, आन् लागणारे तुमी समदे." मामांनी हात थांबवला आणि म्हणाले, "हा आक्षेप मी वाचलेला नाही." त्या दिवसापासून स्वतःचं ताट ते स्वतः घासू लागले. तुम्ही रशियाच्या बाजूचे की अमेरिकेच्या, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मी परीक्षक आहे. दोघांचेही पेपर वाचलेत. दोघांनीही शेवटचा प्रश्न सोडवलेला नाही." शेवटचा प्रश्न कोणता, ते आम्हाला माहीत होतं. मामांच्या वडिलांना शाळेच्या ओट्याखाली बसून अक्षरं गिरवावी लागली होती. वर बसणारे आणि खाली बसणारे हा फरक कुठल्या पद्धतीत खरोखर मिटतो, एवढंच मामांना जगाकडून जाणून घ्यायचं होतं.

शाळेतला जगाचा नकाशा उंदरांनी कुरतडला आणि नवा काही येईना, तेव्हा मामांनी मामींकडून जगाची गोधडी शिवून घेतली. मी आईवेगळी, त्यांच्याकडेच वाढले. सुया ओवून देणं माझ्याकडे होतं. रशियाला एवढं मोठं कापड कुठून आणणार? मामींच्या माहेरचं लाल लुगडं गेलं. अमेरिका मामांच्या निळ्या सदऱ्याची, इंग्लंड हातरुमालाचं, आणि दोन्ही जर्मन्या एकाच फाटक्या पोलक्याच्या, मध्ये जाड काळ्या दोऱ्याचा टाका. भारताला मात्र मामांनी कोरा मांजरपाट आणला. "याला जुनेर नको," एवढंच म्हणाले. ही गोधडी गावातल्या आमच्या विहाराच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगली होती आणि तिच्यासमोर रोज संध्याकाळी मामांचा वर्ग भरायचा. शेतावरून आलेली माणसं हात धुऊन बसायची आणि बोटानं जग चाचपून बघायची.

जग बदललं की गोधडी बदलायची. बर्लिनची भिंत पडल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा मामा ब्लेड घेऊन तयारच होते. मामी म्हणाल्या, "एक डाव नक्की होऊ दे. परत भांडले तर मी नाय शिवायची." म्हणून जर्मनी कागदोपत्री एक होईपर्यंत तो टाका राहिला. पुढे रशिया फुटला. मामा खाली मान घालून घरात आले आणि म्हणाले, "पंधरा करावे लागतील." मामींनी त्या लाल लुगड्यावरून हात फिरवला. "ज्यांनी फोडला त्यांना सांगा शिवायला," म्हणाल्या. आणि मग महिनाभर बसून पंधरा शिवले.

अशा माणसाच्या हातून व्हावी तीच चूक मामांच्या हातून झाली. आमच्याकडे गावाची दोन मंडळं असतात. एक गावात राहणाऱ्यांचं, एक नोकरीसाठी मुंबईला गेलेल्यांचं. चार वर्षांपूर्वी हॉलवरून दोघांचं बिनसलं. मुंबईवाले म्हणाले, आधी चांगली लादी घालू. गाववाले म्हणाले, आधी गळकी कौलं बदलू. मामांना यात भांडवल आणि श्रम समोरासमोर उभे दिसले आणि ते कमालीचे खुलले. त्यांनी सत्तेच्या समतोलाचा तह सुचवला. दाराला दोन कुलुपं, एक चावी मुंबईच्या अध्यक्षांकडे, एक गावच्या. एकाला दुसऱ्यावाचून हॉल उघडताच येऊ नये, म्हणजे दोघांना बोलावंच लागेल. टाळ्या पडल्या. कुलुपं लागली. आणि कुणीच कुणाशी बोललं नाही. गोधडी आत राहिली.

तीन वर्षं जग कुलपात होतं. मामा पडवीत वर्ग घेत, पण नकाशावाचून त्यांचा हात हवेत फिरत राही. दोन्ही अध्यक्षांना त्यांनी पत्रं लिहिली. दोघांचंही उत्तर एकच, "पहिल्यांदा त्यांना यायला सांगा." एकदा मला म्हणाले, "इतिहासाच्या मास्तरानं ही चूक करू नये गो. समतोल साधला की लढाई थांबते. दार उघडत नाही." ऐंशी ओलांडलेला माणूस रोज संध्याकाळी त्या दारापर्यंत चालत जायचा, कुलुपं हलवून बघायचा आणि परत यायचा. हॉल उघडलेला बघायचा, ही एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. गेल्या वर्षी भात पोटरीला आलं असताना ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांना आदरांजली वाहायच्या दिवशी माणसं इतकी आली, की पडवी पुरेना आणि अंगणही पुरेना. मुंबईहून त्यांचे विद्यार्थी आले, त्यात कारकून होते, मास्तर होते, एक बाई बँकेत मॅनेजर होत्या. मुंबईचे अध्यक्ष आणि गावचे अध्यक्ष अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. मामी पांढऱ्या साडीत उठल्या, मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि दोघांपुढे एकेक हात केला. दोघेही मामांच्या वर्गात बसलेले. दोघांनीही खिशात हात घातला. चाव्या दोघांनीही सोबतच आणल्या होत्या.

हॉलमध्ये कोंदट वास होता. गोधडी भिंतीवर होती. कौलं गळून पॅसिफिकवर ओलीचा मोठा डाग पडला होता, बाकी जग शाबूत. वंदना झाली, भाषणं झाली. कुणी म्हणालं, आमच्या मास्तरांनी आम्हाला गावाबाहेरचं जग दिलं. मी त्यांची भाची आहे, हे त्या दिवशी मी न विचारता चारचौघांना सांगितलं.

माणसं जेवायला गेली, तेव्हा मी गोधडी जवळून पाहिली. दोनतीन ठिकाणी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. मामांनी खूण करून ठेवलेल्या, अजून नक्की न झालेल्या सीमा. मी त्या बोटानं पुसायला गेले, तर मामींनी माझा हात धरला.

"राहू देत," त्या म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी एक रेघ निरखली. "आता बातम्या तू ऐकत जा. कुठं उसवायचं, कुठं जोडायचं, ता मला सांगत जा."