दादाच्या बंद आयडीचा अर्ज
तापलेल्या मोबाइलच्या रबरी कव्हरचा वास आला की आमची लातूरची पत्र्याची खोली आठवते. घरात मोबाइल एकच, दादाचा. दोन वर्षं खेळून त्यानं त्यावरच्या एका बंदुकीच्या ऑनलाइन गेममध्ये नाव कमावलं होतं. एका दुपारी तो मोबाइल घरी ठेवून बाजारात गेला आणि क्लासमधल्या मैत्रिणीनं दिलेला हॅक, म्हणजे लबाडीनं जिंकवणारं ॲप, मी त्यात टाकला. भिंतीआडचे गडी दिसायला लागले, मी भराभर सगळे टिपले आणि हॅक पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी गेमच्या कंपनीनं फसवणुकीचा ठपका ठेवून त्याचा आयडी, म्हणजे खेळायचं खातंच, कायमचं बंद केलं. दोस्त त्याला चोर म्हणू लागले. "आईची शपथ, म्या काय केलं न्हाई," म्हणत तो दिवसभर येरझाऱ्या घालत राहिला, मग माझ्यासमोर येऊन बसला. घरातले सगळे अर्ज मीच लिहायचे. "तुझं इंग्रजी चांगलं हाय, कंपनीला तूच लिही." घामानं बोटं स्क्रीनवर घसरत होती, तरी लिहिलं: माझ्या भावानं कधीच कुणाला फसवलं नाही. उत्तर नकाराचं आलं. "तू लई चांगलं लिहिलं होतंस," उलट तोच मला समजावत राहिला. आता मी कचेरीत लोकांचे अर्ज तपासते. 'मी काही केलेलं नाही' ही ओळ आली की बसवत नाही. समोरच्याला विचारावंसं वाटतं, त्या दिवशी घरात आणखी कोण होतं?