कामरेजच्या काठावर मंगीकाकी

त्या वर्षी मी देवीशी बोलणं सोडलं होतं. आमच्या घराण्यात सप्तशृंगीची भक्ती. वडील दर चैत्रात खानदेशातून वणीला पायी जायचे, आणि मी सुरतेला मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा भेस्तानच्या दोन खोल्यांत सामान लावायच्या आधी तिचा फोटो लावला होता. पण आमचा अडीच वर्षांचा मुलगा काविळीनं गेला. त्याच्या आजारपणात मी नवस बोललो, उपास केले, दवाखान्याच्या जिन्यावर बसून तिचं नाव घेतलं. तो गेल्यावर शैला, माझी बायको, पूर्वीसारखाच दिवा लावत राहिली. मी मात्र त्या भिंतीकडे पाठ करून चहा प्यायला लागलो. मनू, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती.

घरात बसवेना म्हणून मी रविवारी गळ घेऊन निघू लागलो. दोन बस बदलून कामरेजला उतरायचं आणि पुलापासून खाली तापीच्या काठाकाठानं अर्धा तास चालायचं. तिथं बाभळींच्या सावलीत पाणी खोल आणि संथ होतं. शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि चिमूटभर हिंग मळून गोळे करायचे, गळाला लावायचे, आणि तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, बांधलेल्या बुचाकडे बघत बसायचं. रोहू आमिषाला हळूच चाखतो, बूच नुसतं थरथरतं. कटला वरच्या पाण्यात राहतो, तो लागला की काठी एकदम वाकते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. त्या थरथरीकडे पाहताना माझ्या डोक्यातला दवाखान्याचा जिना दिसेनासा व्हायचा. समोर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असत. कासवं नाक वर काढून श्वास घेत आणि बुडत.

शैलाच्या गळ्यात तुळशीची माळ. मासा घरात आणायचा प्रश्नच नव्हता, आणि मीही खात नव्हतो. "खायचं नाही तर मारायचं कशाला?" तिनं एकदाच विचारलं. मिळालेला मासा मी बुधियाकाकाला देऊन यायचो. बुधियाकाका त्या काठावर झोपडी करून राहणारा म्हातारा होडीवाला, जाळंही टाकायचा. त्याची बायको मंगीकाकी कमी बोलायची. मी दिलेला मासा ती विळ्यावर घ्यायची आणि बदल्यात काळा, गुळाचा चहा माझ्यापुढे ठेवायची. दोघांना मूलबाळ नव्हतं.

तिथं पाणमांजरांचं एक कुटुंब होतं, चारपाच जणांचं. एकदा माझ्या गळाला लागलेला मोठा रोहू काठापाशी आला असतानाच त्यातल्या एकानं तो अर्धा तोडून नेला. मी संतापून दगड उचलला. बुधियाकाकानं माझा हात धरला. "एनो बी भाग छे ने, माहतर," तो म्हणाला. त्याचाही वाटा आहे ना. त्याचं जाळं ती कितीदा फाडायची, तरी तो असं म्हणायचा. मला ते बोलणं तेव्हा भाबडं वाटलं होतं.

मग प्लेगचं वर्ष आलं. गणपती होऊन गेले होते, पुराचा चिखल अजून गल्ल्यांतून वाळत होता, आणि एका सकाळी सगळी सुरत तोंडाला रुमाल बांधून पळत सुटली. औषधांच्या दुकानांपुढे कॅप्सूलसाठी रांगा लागल्या. आमची चाळ एका दिवसात रिकामी झाली. आम्हीही मनूला घेऊन मिळेल त्या गाडीनं खानदेशात माझ्या गावी निघालो. तिथं माझे थोरले भाऊ, नाना. वडिलांमागे त्यांनीच मला शिकवलं होतं.

गावाच्या फाट्यावर नाना उभे होते. मागे दहाबारा माणसं, सुरतेहून येणाऱ्यांना अडवायला काठ्या घेऊन. मी पुढे झालो तर नाना दोन पावलं मागे सरले. माझ्या सख्ख्या भावानं तोंडाला उपरणं लावलं.

"दहा दिन भाहेर काढ भाऊ, मंग ये," ते अहिराणीत म्हणाले. "घरमा लहाना पोरे शेतस." घरात लहान पोरं आहेत.

"नाना, आम्ही जायचं कुठं?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी एक गाठोडं रस्त्यावर ठेवलं, त्यात भाकरी होत्या, आणि वळून चालू लागले. गाठोडं शैलानं उचललं नाही, मीही नाही. मनू मात्र "नाना, नाना" म्हणून हाका मारत राहिली.

परतीला एक ट्रक मिळाला. तो सुरतेत शिरणार नव्हता, बडोद्याकडे चालला होता. वाटेत मनूला थंडी वाजून ताप भरला. ड्रायव्हरनं आरशात ते पाहिलं आणि कामरेजला तापीचा पूल लागताच आम्हाला खाली उतरवलं. भर दुपार होती. पुलापाशी चहाच्या टपरीवाल्यानं आमच्याकडची पिशवी पाहून, सुरतेहून पळालेले म्हणून, फळी लावून घेतली. भेस्तानला जायला वाहन नव्हतं. आणि त्या सगळ्या मुलखात मला ओळखणारी एकच झोपडी होती.

काठाकाठानं चालताना मी देवीला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक पोर नेलंस, हे दुसरंही घे आणि सुखी हो, असा त्याचा अर्थ होता. झोपडी दिसली तसा मी लांबच थांबलो. अंगणात कुणी नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "काका, आम्ही सुरतेहून आलोय. पोरीला ताप आहे. जवळ येऊ नका, नुसतं पाणी ठेवा." बराच वेळ काही हललं नाही. शैला मनूला खांद्यावर घेऊन उन्हात उभी होती. मग बुधियाकाका बाहेर आला, सरळ आमच्याकडे चालत आला, आणि त्यानं हात पुढे केले. "छोडी ने मारी पाहे आप," म्हणाला. मुलगी माझ्याकडे दे. त्यानं मनूचं तापलेलं डोकं आपल्या उघड्या खांद्यावर टेकवलं आणि तो आत गेला.

तीन दिवस आम्ही जाळी ठेवायच्या पडवीत राहिलो. मंगीकाकी मनूचं अंग पुसायची, कपाळावर ओली फडकी ठेवायची. काका दुसऱ्या दिवशी कुठल्याशा गावातल्या कंपाउंडरकडे चालत गेला आणि कडू गोळ्या घेऊन आला. कंपाउंडर म्हणाला होता, हा मलेरिया असेल, नसला तर देवाची मर्जी. घरात भात होता आणि मासे होते. पहिला दिवस शैलानं कोरा भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी काकीनं तिच्या भातावर कालवण वाढलं, सवयीनं, काही न विचारता. शैलानं गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली, कुडाच्या खुंटीला अडकवली आणि जेवली. जेवताना ती रडत होती. मी तिच्याकडे बघण्याचं धाडस केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या कडेला उभा होतो. तीन रात्रींत मनू शुद्धीवर अशी आलीच नव्हती. मी प्रार्थना करत नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. आत जाऊन काय बघावं लागेल याची भीती वाटून मी बाहेर थांबलो होतो. तेवढ्यात पाणी फाकलं आणि पाणमांजरं वर आली. सगळ्यांत मोठ्या पाणमांजरानं एक कटला तोंडात धरून काठावर ओढला, माझ्यापासून दहा पावलांवर. पिल्लं त्याच्यावर तुटून पडली, शीळ घातल्यासारखं ओरडत एकमेकांच्या अंगावर लोळू लागली. माझी त्यांना पर्वाच नव्हती.

आणि माझ्या पाठीमागून हसण्याचा आवाज आला.

मी वळलो. पडवीच्या दारात शैला बसली होती आणि तिच्या मांडीवर मनू डोळे उघडून पाण्याकडे बघत होती. "आई, मांजर पोहतंय," ती म्हणाली. तिच्या केसांतून घाम निथळत होता. ताप उतरला होता. गोळ्यांनी उतरला, काकीच्या फडक्यांनी उतरला, की आणखी कशानं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. मी चिखलात गुडघे टेकले, आणि दीड वर्षानंतर माझ्या तोंडून देवीचं नाव भक्तीनं निघालं.

इथंच हा अनुभव संपला असता तर मी सुखी माणूस असतो. पुढची दोन वर्षं मी तो असाच सांगितला. भेस्तानच्या आमच्या मंडळात, नवरात्रात, शाळेत, बसमध्ये. भावानं दार लावलं आणि देवीनं परक्याचं दार उघडलं, असं मी म्हणालो की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नाना दिवाळीला आले होते, खाली मान घालून. मी त्यांना पाणी दिलं, बोललो नाही. शैलानं एकदा सुचवलं, झालं ते झालं. मी म्हणालो, त्यांनी माझं लेकरू मरायला रस्त्यावर ठेवलं. कामरेजला मी सुरुवातीला दोनचारदा गेलो, साडी आणि धोतर घेऊन. मग ट्यूशन्स वाढल्या, गळ माळ्यावर गेला.

एका पावसाळी दुपारी दार वाजलं. शैला बाजारात गेली होती. दारात बुधियाकाका, आणि त्याच्या आधारानं मंगीकाकी. मी तिला ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती. तोंडाशी फडकं धरलं होतं, आणि फडक्यावर रक्ताचे डाग होते. काकानं अडखळत सांगितलं, सरकारी दवाखान्यात दाखवायचंय, चार दिवस जावं यावं लागेल. आत नको, ओट्यावर पडून राहू.

शेजारच्या दोन दारांतून माणसं बघत होती. आतल्या खोलीत मनू गृहपाठ करत होती. मला माझा मुलगा आठवला, हे खरं आहे. पण ते मी स्वतःला नंतर सांगितलेलं कारण असेल. त्या क्षणी मी फक्त दाराच्या चौकटीत आडवा उभा राहिलो. "काका, इथं सोय नाही हो. पोरीची जात, घर लहान. दवाखान्याजवळ धर्मशाळा आहे, तिथं बरं पडेल." काकीनं पाणी मागितलं. मी फुलपात्र आणून ओट्यावर ठेवलं, तिच्या हातात दिलं नाही. ती प्यायली. काकानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाला, "कंई नी, माहतर." काही नाही. मी धावत जाऊन रिक्षा आणली, त्यांना बसवलं, आणि आत येऊन ते फुलपात्र चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकलं.

बाजारातून आल्यावर शैलाला ते कचऱ्यात दिसलं. तिनं विचारलं, मी सांगितलं.

"मग नानाभाऊजींचं काय चुकलं होतं?" ती म्हणाली.

भाजीची पिशवी तिथंच ठेवून ती पावसात बाहेर पडली. मी तिच्यामागे. दवाखान्याजवळच्या दोन धर्मशाळा पाहिल्या, दवाखान्याच्या ओसऱ्या पाहिल्या. ते दोघं कुठंच नव्हते. दुसऱ्या दिवशीही नाही. शैला म्हणत होती, कामरेजला चला. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. तोंड दाखवण्याची हिंमत होत नव्हती.

गेलो तेव्हा महिना उलटला होता. काका अंगणात एकटा जाळं शिवत होता. काकी आठ दिवसांपूर्वी गेली होती. त्या दिवशी माझ्या दारातून ते धर्मशाळेत गेलेच नव्हते. घरी चल, म्हणाली होती ती.

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतले. रागानं नव्हे, संकोचानं. मग जाळ्यावरची नजर न काढता तो त्याच्या बोलीत जे बोलला ते मी माझ्या भाषेत लिहितो. तो म्हणाला, मास्तर, तुम्ही भ्यालात. त्या दिवशी मीही भ्यालो होतो. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी आत कुडाआडून तुम्हाला बघत होतो. वाट बघत होतो की कधी तुम्ही निघून जाल. ही मला म्हणाली, तू जातोस का मी जाऊ? पोरीला उन्हात किती वेळ ठेवायचं? तिनं ढकललं म्हणून मी बाहेर आलो.

दोन वर्षं मी गावभर देवीची कृपा सांगत फिरलो होतो. त्या कृपेला हातपाय होते, नाव होतं, आणि ती माझ्या दाराशी येऊन पाणी मागून गेली होती.

काकानं मला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी खाली बसलो आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं. शिवता येत नव्हतं, नुसतं ताणून धरलं. ऊन कलेपर्यंत आम्ही तसेच होतो.

त्यानंतर मी नानांकडे गेलो. माफी दिली नाही, मागितली. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. शैलानं मला माफ केलं की नाही हे मला ठाऊक नाही. ती माझ्याशी नीट वागते, आणि त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मनूनं ते सगळं आतल्या खोलीतून ऐकलं होतं, हे तिनं मोठी झाल्यावर सांगितलं.

शरण जाणं म्हणजे देवीपुढे डोकं टेकणं, असं मला वाटायचं. ते मला नेहमीच सोपं गेलं. भीती पोटात असताना दारातून बाजूला होणं मला जमलं नाही, आणि मंगीकाकीला ते जमलं, तिनं कधी वणी पाहिली नव्हती तरी. माझी मुलगी जिवंत आहे ती तिच्यामुळे. मी कृतज्ञ आहे. पण ही कृतज्ञता गोड लागत नाही, आणि लागू नये, अशीच माझी देवीकडे मागणी आहे.