नळापुढची साफसफाई

बहात्तरच्या दुष्काळात मी लग्न होऊन नगरला आले आणि पंधराव्या दिवशी अख्ख्या बोळाची रांग झाडून टाकली. खराट्याने, अगदी कोपरान्‌कोपरा.

मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात वाढलेली. पाण्यासाठी थांबावं लागतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. बाकी सगळं येतं असा मात्र पक्का समज. सातवी पास, हातभर बांगड्या आणि डोक्यात हवा.

सासरच्या बोळात नळ एकच. पाणी कधी आठला यायचं, कधी दहाला. धार करंगळीएवढी आणि तीही जेमतेम अर्धा तास. त्यामुळे सकाळभर कुणाचा पाय एका जागी ठरत नसे. भाकरी तव्यावर आणि कान नळाकडे.

त्या सकाळी पाहते तर नळापुढे नुसता उकिरडा. मागावर पळणारा लाकडी धोटा, तोही तुटका. तोटी मोडलेला तांब्या, बधना म्हणतात तो. टवके उडालेलं इनॅमलचं तसराळं. चेपलेला डालड्याचा डबा. पट्टी तुटलेला लष्करी बूट. शिवाय चुना फासलेला एक दगड. सासूबाई ओट्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा जोरातच झाडलं. नळापासून सुरुवात करून एकेक वस्तू पाटीत टाकत गेले. दगड जड होता, तो सरळ गटारापलीकडे भिरकावला.

पहिल्यांदा आली बांगडीवाली चाची. "अगे दुल्हन, मेरा बधना किधर गया?"

"चाची, तो फुटका होता."

"फुटा है तो क्या, नंबर तो साबूत था ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक वस्तू म्हणजे एकेक घर होतं, आदल्या दिवशीपासून तिथं उभं राहिलेलं. पिढ्यांमागे तेलंगणातून आलेले विणकर, फाळणीत सिंध सोडून आलेली भाभी, मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई, पलटणीतून पेन्शनीत आलेले सुभेदारकाका. सगळा बोळ माझ्या पाटीत!

बघता बघता सगळे जमले. सुभेदारकाका बनियनवर, गालाला साबणाचा फेस. "माझा बूट दुसरा होता. काल चारला ठेवलाय." भाभी म्हणाली, "दुसरा? दुसरा तो हमारा डब्बा था!" नर्सबाईंना ड्यूटीवर जायचं होतं, त्या नुसत्या घड्याळ बघत होत्या. आणि विणकरांच्या घरातली अक्का रिकामी कळशी छातीशी धरून म्हणाली, "धोटा पहिला होता माझा. लेक पहाटे बाळंत झालीय. घरात घोटभर पाणी नाही गं."

कुणाला पटलं, कुणाला नाही. तेवढ्यात नळ फुसफुसला. आता पाणी येणार! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रांग पाहिलेली मी एकटीच होते.

सासूबाई कानाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "सांग, दगड पहिला होता."

आणि मी, सातवी पास, भर बोळात ठणठणीत आवाजात विचारलं, "अगंबाई, तो दगड आपला होता?"

सुभेदारकाका इतके हसले की फेस गळ्यावर उतरला. सासूबाईंचा चेहरा कसा झाला ते मी आजही सांगणार नाही.

मग मी पाटी तशीच उपडी केली. आधी टाकलेलं तळाशी होतं, ते वर आलं. सगळ्यात वर धोटा. त्याखाली बूट, मग बधना, तसराळं, डबा. भाभीनेसुद्धा मान हलवली. दगडाची जागा खरं तर तिसरी होती, पण आता माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? आम्ही रांगेच्या शेवटी गेलो. अक्काने दोन कळशा भरल्या आणि पळतच घर गाठलं. डब्यापाशी धार बारीक झाली, अन् आमचा हंडा पुढे सरकेपर्यंत नळ कोरडा.

घरी सासूबाई एवढंच बोलल्या, "त्या दगडाला कधी कुणी हात लावला नव्हता." दुपारी तीनला माझ्या हातात गोणपाट दिलं. "जा, नळापाशी बस. आता दगड तूच. उद्या आपला पहिला नंबर. जागचं हलायचं नाही."

ऊन मी म्हणत होतं. मी बसले, पण बूड टेकेना. एकदा मांडी, एकदा उकिडवं. माझ्यामागे सुभेदारकाकांनी बूट ठेवला, चाचीने बधना. जाताना म्हणाली, "झाड़ू छुपाके आई ना?" मी लाजेने पदर तोंडावर ओढला.

शेवटी अक्का आली. बाळ पीत नाही, अंगही तापलंय, म्हणाली. रांग बघून मुकाट्याने धोटा सगळ्यांच्या मागे ठेवला आणि लगबगीने परतली.

मी दोन मिनिटं चुळबुळ केली. मग उठले, तो धोटा उचलून नळाखाली ठेवला, आणि गोणपाट हातभर मागे ओढून त्याच्यामागे बसले. समोर ओट्यावर सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "ए, काय चाललंय तिकडं?"

मी बांगड्या मोजत बसले. दगडाला ऐकू येत नाही.