शेपट्या कापलेल्या बोया

खाडीत मासे किती आहेत याचा अंदाज काढायचा, आणि दरवर्षी किती पकडले तर खाडी रिकामी होणार नाही ते सांगायचं, हे माझं नोकरीतलं पहिलं काम. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका सरकारी प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. बोरीवलीला राहते, खाडी जवळ पडेल, म्हणून साहेबांनी ती माझ्याच गळ्यात मारली.

पद्धत सोपी होती. बोया, म्हणजे खाडीतली नेहमीची मासळी, जिवंत धरायच्या, शेपटीचं वरचं टोक कात्रीने जरासं कापायचं आणि परत पाण्यात सोडायच्या. मग कोळ्यांच्या जाळ्यात आमच्या खुणेच्या किती येतात ते बघायचं. बऱ्याच आल्या तर खाडीत मासे थोडे, क्वचित आल्या तर त्या बाकीच्यांच्या गर्दीत हरवल्या, म्हणजे मासे भरपूर.

आली एकही नाही. मी धक्क्यावर पोचले की कोळणींचं बोलणं थांबायचं. एकीने तर मला लांबून बघताच टोपलीवर ओलं फडकं टाकलं. साठीची, अंगाने काटक. नवरा होडी घेऊन जायचा, ही मासळी विकायची.

"आत काय आहे, मावशी?"

"मासं हायत. आनखी काय असनार?"

हे लोक लपवतायत, हे मला कळत होतं. का, ते कळत नव्हतं.

एका रविवारी आईबरोबर बाजारात गेले, तर तीच मावशी बसलेली. समोर बोयांचा ढीग आणि झाडून सगळ्यांच्या शेपट्यांची वरची टोकं कापलेली.

"हे काय केलंत?"

"तुज्या कापलेल्या माशाला गिऱ्हाईक हात लावत नाय. सरकारनं सुई टोचली म्हनतात. मंग आमी सगल्यांच्याच कापतो. आता वलख तुजं कुठलं ते."

आईने हातातली बोय हळूच परत ठेवली.

मी तिथेच उकिडवी बसले आणि तिला समजावलं. आमचे मासे लपवलेत तर कागदावर खाडी भरलेली दिसेल, आणि बाहेरच्या होड्यांना परवाने मिळतील.

"आनि लय सापडलं तर?"

"तर मासे कमी ठरतील. बाहेरच्यांना बंदी येईल. तुमच्या जाळ्यांवरही मर्यादा येतील."

तिने बोयांच्या ढिगावर पाणी शिंपडलं. "मागं असंच कोन कोन येऊन काठ मोजून गेलं. मंग तितं भराव पडला," एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला धक्क्यावर सगळ्या टोपल्या उघड्या. बायकांनी मला हाका मारून बोलावलं. जवळजवळ प्रत्येक बोय खुणेची. क्षणभर फार बरं वाटलं. मग एक उचलून निरखली. आमच्या कापाला महिने झाले होते, तिथली कड जाड आणि पांढुरकी व्हायला हवी होती. ही ओली, लालसर होती. भरून आलेल्या जखमेच्या बोया निवडल्या, त्या मूठभर निघाल्या.

"बाकीच्या आज कापल्यात," मी म्हटलं.

"तुलाच पायजे व्हत्या ना?" मावशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मूठभर तर मूठभर. त्यावरून आकडा काढ."

"आधी सापडलेल्या खुणेच्या किती बाजारात गेल्या ते कळायला मार्ग नाही, सर. तो आकडा त्यांनीच ठरवल्यासारखा होईल."

साहेबांनी चष्मा काढला. "त्यांनी तुला पढवलं तर नाही ना?"

मी माझ्या टेबलाशी परत गेले. शेवटी अहवालात आकडा दिलाच नाही. खात्रीचा अंदाज मिळेपर्यंत नवीन होड्यांना परवानगी देऊ नये, एवढंच लिहिलं. ते मान्य झालं.

दुसऱ्या वर्षी ठरलं, की कोळ्यांच्या टोपल्यांवर विसंबायचं नाही, आपणच होडी भाड्याने घेऊन जाळं टाकायचं. होडी द्यायला एकच घर तयार झालं, मावशीचं. नवरा वल्हवायचा, ती माझ्यासमोर बसायची, आणि कुठे वळायचं ते त्याला हाताने दाखवायची. जाळ्यात कधी चार मासे यायचे, कधी काहीच नाही. ती मला मासे असतील तिथे नेत होती की नसतील तिथे, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिच्या उत्तरावर माझा विश्वास बसला नसता.