फुलांनी धरलेली सीट

आधीच सांगते, मी देवाला हात जोडते तेही आईच्या धाकाने. कोणी भुताखेताची गोष्ट काढली की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "किती घेतली होती?" नागपूरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, डोकं ठिकाणावर आहे. तरी आज हे लिहितेय... कारण ज्या एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवायला हवा, तेच माणूस ठेवत नाही.

ती म्हणजे संगीता, माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी नागपूरच्या महाल भागातल्याच. पाठीवर सॅक टाकून कुठेतरी निघून जायचं, हे कॉलेजपासूनचं स्वप्न चाळिशी आली तरी राहूनच गेलं होतं. गेल्या हिवाळ्यात एकदाचं ठरवलं — नागपूरहून बसने निघायचं, मध्यप्रदेशची बॉर्डर ओलांडून सातपुडा चढायचा आणि मग तामिया, पचमढी, आवडेल तिथे उतरायचं. बुकिंग नाही, नवरे नाहीत, पोरं नाहीत. आदल्या दिवशी आम्ही दोघी लहान मुलींसारख्या फोनवर खिदळत होतो.

सकाळच्या प्रायव्हेट बसला ही झुंबड! आता आमच्याकडे खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा कायदाच आहे. संगीताने गळ्यातला दुपट्टा काढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून आत भिरकावला.

"काय पाहून राहिली, चढ ना वं!"

आत सगळी बस भरलेली, आणि ती दोघांची सीट तेवढी रिकामी. वर झेंडूची माळ ठेवलेली.

"कोणाची तरी जागा असन वं," मी म्हटलं.

"फुलानं कोणी सीट धरते काय? रुमाल पाहिजे!" तिने माळ उचलून खिडकीबाहेर टाकली, दुपट्टा गळ्यात गुंडाळला आणि खिडकीशी ऐसपैस बसली. कंडक्टर टपावर सामान बांधत होता, नंतर मागच्या दाराने चढला आणि गर्दीत तिकडेच अडकला. त्या सीटसाठी आमच्याशी कोणी भांडलंसुद्धा नाही. नागपुरात! तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

बॉर्डर गेली, सौंसर गेलं, घाट लागला. बाहेर लख्ख ऊन. संगीता संत्रं सोलून मला फोडी देत होती.

आणि तिचं डोकं धाडकन खिडकीच्या गजावर आपटलं.

वळणाचा धक्का असेल म्हणून मी हसले. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा रस्ता सरळ होता. तिसऱ्यांदा मला दिसलं — कोणी मुठीत धरावेत तसे तिचे केस ताणले गेले होते. मूठ मात्र नव्हती. नाक फुटलं, रक्त माझ्या कुर्त्यावर उडालं. ती ओरडणार, तोच गळ्यातला दुपट्टा आवळला गेला. दोन्ही टोकं वर, टपाकडे ताणलेली... आणि तिथे कोणीच नाही.

मी भित्री नाही. दुपट्ट्यात बोटं घुसवून ओढायला लागले. "सोड तिले! सोड, मुडद्या!" कानाखाली अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी परत ओढलं. हवेत लाथा झाडल्या, नखं मारली. संगीताचे डोळे पांढरे होत होते, तोंड काळंनिळं पडलं होतं. जन्मात एवढी भीती मला वाटली नव्हती, आणि एवढा रागही आला नव्हता.

कंडक्टर माणसं ढकलत आला. "अरे, इस सीट पे किसने बिठाया इनको!" त्याने माझी कंबर धरून मागे खेचलं. मी संगीताला सोडेना, त्यामुळे दोघी एकदमच सीटवरून खाली कोसळलो. त्याच क्षणी दुपट्टा सैल पडला.

बस थेट छिंदवाड्याच्या हॉस्पिटलला नेली. बाहेर मी कंडक्टरची कॉलर धरली. "पुरानी बस खरीदी थी, मॅडम. बेचनेवाला बोला, ये सीट खाली रखना, रोज फूल चढाना. क्यूं, वो तो उसको भी नहीं मालूम था."

संगीताच्या नाकाचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मी पाणी पाजायला वाकले तर ती अंग चोरून भिंतीकडे सरकली. मला ओळखून सरकली, तेच जिव्हारी लागलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"तू मले काहून मारून राहिली होती वं?"

ग्लानीत बरळतेय असं वाटलं. पण ती आजही तेच म्हणते. म्हणे केस मी धरले होते, दुपट्ट्याची टोकं माझ्या मुठीत होती, आणि मला बसलेली थप्पड तिनेच जिवाच्या आकांताने मारली होती. बाकीचे प्रवासी तर छिंदवाड्यातच पांगले होते. कंडक्टरला विचारलं, तर त्याने नजर चुकवली. "मैं आया तब तो आप ही खींच रही थी, मॅडम." खरंच आहे. मी ओढतच होते... सोडवायला!

तिने पोलिसात तक्रार दिली नाही, एवढी मैत्री पाळली. कोणी म्हणतं बाहेरची बाधा, कोणी म्हणतं शॉकमध्ये माणसाला भलतंच आठवतं. मग भलतं कोणाला आठवतंय, तिला की मला?

या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं, पण नवऱ्याला शेजारी उभं करून. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पटलं हिला. मी तिचा हात हातात घेतला.

ती किंचाळली.